मुलाला कुत्र्या-मांजराची ॲलर्जी आहे? मग पाहुणे म्हणून जाण्याआधी एक फोन करा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की लहान मुलांच्या डॉक्टरांना एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "घरी असताना अगदी ठणठणीत होता हो. मावशीकडे दोन दिवस राहून आला आणि खोकला सुरू झाला." थोडं खोलात विचारलं की कळतं, मावशीकडे मांजर आहे. मुलाला मांजराची ॲलर्जी आहे हे पालकांना आधीपासून माहीत असतं. मग पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, "मावशीला सांगितलं होतं का?" त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "कसं सांगणार? त्यांना वाईट वाटलं असतं."

आज मला या संकोचाबद्दलच बोलायचं आहे. पाळीव प्राण्यांच्या ॲलर्जीवर चांगली औषधं आहेत. तपासण्याही आहेत. पण दुसऱ्याच्या घरी जाताना मुलाला जो त्रास होतो, त्याचं कारण बऱ्याचदा औषध नसणं हे नसतं. कारण असतं भीड. आपण सांगत नाही, समोरच्याला कळत नाही, आणि मधल्या मधे पोराला दम लागतो. माझं मत स्पष्ट आहे: मुलाची ॲलर्जी ही लपवायची गोष्ट नाही, आणि ती यजमानांना आधी सांगणं हा त्यांचा अपमानही नाही.

हे मत मी का मांडतो आहे, ते समजण्यासाठी आधी ॲलर्जी नेमकी कशी होते ते पाहू.

ॲलर्जी केसांची नसते

"त्यांच्या कुत्र्याचे केस अगदी बारीक आहेत, गळतही नाहीत," असं लोक सांगतात. पण ॲलर्जी केसांमुळे होत नाही. ती होते प्राण्याच्या शरीरातल्या काही प्रथिनांमुळे. ही प्रथिनं प्राण्याच्या लाळेत, त्वचेतल्या तेलग्रंथींत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत असतात. मांजराच्या बाबतीत यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन आहे फेल डी १, तर कुत्र्याच्या बाबतीत कॅन एफ १. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण हवेत उडतात.

हे कण किती बारीक? त्यातले बरेचसे ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. इतके छोटे कण नाकात अडकून राहत नाहीत, थेट फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. गादीतल्या धुळीच्या किड्यांचे कण त्या मानाने जड असतात. गादी झटकली की ते उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. मांजराचे कण मात्र तासन् तास हवेत तरंगत राहतात. शिवाय ते चिकट असतात. भिंती, पडदे, सोफा, गालिचा, अंगावरचे कपडे, जिथे जातील तिथे चिकटून बसतात.

'ॲलर्जी न होणारी जात' म्हणून काही कुत्री महागात विकली जातात. अशी कुत्री असलेल्या घरांतली धूळ संशोधकांनी तपासून पाहिली आहे. इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा तिथे ॲलर्जीचं प्रथिन कमी सापडलं नाही. त्यामुळे "आमचा त्या जातीचा आहे, काही होणार नाही" या आश्वासनावर मुलाला नेऊ नका.

"आम्ही त्याला आतल्या खोलीत ठेवतो" याने का भागत नाही?

यजमान प्रेमाने म्हणतात, "तुम्ही या, आम्ही त्याला बेडरूममध्ये ठेवू." भावना चांगली आहे. मुलाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर हा उपाय उत्तमच. पण ॲलर्जीसाठी त्याचा फार उपयोग नाही. कुत्रा आत गेला तरी तो ज्या सोफ्यावर रोज झोपतो, तो सोफा बाहेरच असतो, आणि तुमचं मूल नेमकं त्याच सोफ्यावर लोळतं.

मांजर घरातून कायमचं गेलं, तरी त्या घरातलं प्रथिन पुरेसं कमी व्हायला ४ ते ६ महिने लागू शकतात. मग एक तास दार बंद करून काय होणार?

प्राणी समोर नसतानाही त्रास होतो याचं एक बोलकं उदाहरण स्वीडनमधलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा आणि मांजराची ॲलर्जी असलेली, पण स्वतःच्या घरी मांजर नसलेली शाळकरी मुलं पाहिली गेली. सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर, ज्या वर्गांत मांजर पाळणारी मुलं जास्त होती त्या वर्गांतल्या मुलांचा दमा वाढलेला दिसला. वर्गात मांजर आलंच नव्हतं. आलं होतं ते कपड्यांवरून त्याचं प्रथिन. म्हणून "प्राणी कुठे आहे" या प्रश्नापेक्षा "आपण कुठे बसणार आहोत आणि किती वेळ" हा प्रश्न महत्त्वाचा.

त्रास कसा होतो आणि कधी होतो?

काही मिनिटांपासून अर्ध्या तासात शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं, डोळ्यांना खाज आणि लाली सुरू होते. कुत्र्याने गाल चाटला की तिथे लाल गांधी उठतात. इसब असलेल्या मुलांची खाज वाढते. दम्याची प्रवृत्ती असेल तर खोकल्याची उबळ, छातीत घरघर आणि धाप.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फारसं माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. ॲलर्जीची दुसरी लाट साधारण ४ ते ८ तासांनी येऊ शकते. संध्याकाळी वाढदिवसाला मूल मांजराशी मजेत खेळतं, दोन शिंका येतात, सगळे म्हणतात "बघा, काही झालं नाही." आणि रात्री दोन वाजता खोकल्याने झोप उडते. पालक दोष देतात केकवरच्या थंड क्रीमला किंवा सरबतातल्या बर्फाला. त्याहून पुढचं म्हणजे, अशा संपर्कानंतर श्वासनलिका काही दिवस हळव्या राहतात. मग एरवी सहज सोसणारा फटाक्यांचा धूर किंवा साधी सर्दीही त्या आठवड्यात जड जाते.

"सवय होऊ द्या, आपोआप जाईल"

हा सल्ला देणारे घरातले ज्येष्ठ असतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. या समजुतीला थोडासा आधारही आहे. जन्मापासून प्राण्यांच्या सहवासात वाढलेल्या मुलांत पुढे ॲलर्जीचं प्रमाण कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ती गोष्ट आहे ॲलर्जी होण्याआधीची. एकदा ॲलर्जी झाली, त्यातही दमा असला, की दर महिन्याला आत्याच्या मांजरापाशी नेऊन बसवल्याने ती बरी होत नाही. उलट श्वासनलिकांची सूज वाढते.

मग "त्यांच्या मुलालाही ॲलर्जी होती, आता त्याच कुत्र्याबरोबर झोपतो, काही होत नाही" याचं काय? काही मुलांत रोजच्या सहवासाने शिंका खरंच कमी होतात. पण काही मुलांत रोजचं थोडं थोडं नाक चोंदणं आणि रात्रीचा हलका खोकला घरच्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. त्रास गेलेला नसतो, फक्त लक्षात येत नाही. शिवाय घरचा कुत्रा सोसतो म्हणजे शेजारच्यांचं मांजर सोसेल असं नाही. दोघांची प्रथिनं वेगळी.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲलर्जीची मात्रा हळूहळू वाढवत नेणारी इम्युनोथेरपी नावाची उपचारपद्धती आहे. ती साधारण ३ वर्षं चालते, आणि दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत. पाहुणचाराच्या नावाखाली तिचा घरगुती प्रयोग करू नये.

जायचं की नाही?

सगळ्याच ॲलर्जीच्या मुलांना घरात कोंडून ठेवा असं मी अजिबात म्हणत नाही. माणसांत मिसळणं ही मुलाची गरजच आहे. फक्त प्रत्येक मुलासाठी उत्तर वेगळं असतं. मी पालकांना ढोबळ मानाने तीन गट सांगतो.

१. फक्त नाक-डोळ्यांचा त्रास, दमा कधीच नाही: जरूर जा. औषधाची तयारी ठेवा, भेट काही तासांची ठेवा, मुक्काम शक्यतो टाळा.

२. दमा आहे, पण पूर्ण आटोक्यात आहे: जाता येईल, पण आधी डॉक्टरांशी बोलून. भेट थोडक्यात, शक्यतो अंगणात, गच्चीवर किंवा हवेशीर जागेत. मुक्काम नको. झोपेचे आठ तास त्या गादीवर नाक टेकून काढणं हे जागेपणीच्या दोन तासांपेक्षा फारच वेगळं आहे.

३. दमा आटोक्यात नाही, नुकताच मोठा झटका येऊन गेला आहे, किंवा मागे प्राण्याच्या संपर्काने दवाखाना गाठावा लागला होता: त्या घरी जाऊ नका. त्यांना आपल्याकडे बोलवा किंवा बाहेर भेटा. इथे माझं मत ठाम आहे. लग्नकार्य असो वा बारसं, मुलाच्या श्वासापेक्षा कोणाचाही मानपान मोठा नाही.

दमा आटोक्यात आहे की नाही हे कसं ओळखायचं? गेल्या ४ आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसा खोकला किंवा धाप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाली का? दम्यामुळे रात्री एकदा तरी झोपमोड झाली का? लगेच आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? खेळताना, जिने चढताना मूल मागे पडतं का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निकष आणखी कडक आहेत, तिथे दिवसाचा त्रास किंवा पंपाची गरज आठवड्यातून एकदापेक्षा जास्त असली तरी पुरेसं आहे. असं असेल तर प्रवासाचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा.

एक सूचना: रक्ततपासणीच्या लांबलचक यादीत 'कुत्रा' या नावापुढे पॉझिटिव्ह दिसलं, पण मुलाला कुत्र्याजवळ कधीच त्रास झाला नसेल, तर त्याला ॲलर्जी म्हणता येत नाही. त्वचेवरची चाचणी असो वा रक्तातली आयजीई चाचणी, ती मुलाच्या त्रासाशी जुळवूनच वाचायची असते. नुसत्या कागदावरून मुलाचं आजोळ तोडू नका.

फोनवर काय सांगाल?

इथेच गाडी अडते. सांगायचं असतं, पण शब्द सापडत नाहीत. मग आयत्या वेळी दारात उभं राहून "त्याला जरा लांब ठेवा हं" असं म्हटलं जातं, आणि खरंच वाईट वाटतं. त्यापेक्षा चार-पाच दिवस आधी फोन केलेला बरा. साधारण असं बोलता येईल:

"वहिनी, रविवारी यायचं नक्की आहे. एक गोष्ट आधीच सांगते, राग मानू नका. धाकटीला मांजराची ॲलर्जी आहे, तिला दम लागतो. तुमच्या मनीला कुठे कोंडायची गरज नाही, त्याने फरकही पडत नाही. आपण गच्चीवर बसू या का? तासाभराने आम्ही निघू. नाहीतर या वेळी तुम्हीच या ना आमच्याकडे जेवायला."

या बोलण्यात चार गोष्टी आहेत. यायची इच्छा आहे. त्रास नेमका काय आहे ते आहे. 'दम लागतो' हे शब्द वापरा. नुसतं 'ॲलर्जी' म्हटलं की लोकांना दोन शिंकांपलीकडे काही वाटत नाही. प्राण्याबद्दल तक्रार नाही. आणि शेवटी एक पर्याय दिलेला आहे. समोरच्याला 'नाही' म्हणायची वेळच येत नाही.

"तुमच्याकडे घाण असते", "कुत्रं घरात कशाला पाळायचं" अशी वाक्यं मात्र टाळा. ॲलर्जीचा आणि स्वच्छतेचा संबंध नाही. आरशासारख्या लखलखीत घरातही मांजराचं प्रथिन असतंच. आणि ज्यांच्याकडे प्राणी आहे त्यांच्यासाठी तो घरातला एक माणूसच असतो, हे आपणही समजून घ्यायला हवं.

बोलणं जोडीदाराच्या माहेरच्यांशी किंवा सासरच्यांशी असेल तर ज्याचं नातं जवळचं, त्याने फोन करावा. सासूबाईंच्या बहिणीला सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेलं जास्त सहज पचतं. यात बाबांनीही पुढे व्हायला हवं. मुलाच्या आजारपणाच्या सगळ्या अवघड फोनांचं काम आईकडेच का?

औषधं: एक गोळी दिली म्हणजे तयारी झाली असं नाही

"जाताना ॲलर्जीची गोळी देऊ ना?" हा नेहमीचा प्रश्न. गोळीचा उपयोग आहे, पण तिची मर्यादा ओळखा.

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन या औषधांनी शिंका, डोळ्यांची खाज आणि गांधी कमी होतात. ती त्रास सुरू झाल्यावर देण्यापेक्षा तास-दोन तास आधी दिलेली चांगली. मात्रा वयानुसार आणि वजनानुसार तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पण दम्याच्या झटक्यावर ही गोळी काम करत नाही. धाप लागलेल्या मुलाला दुसरी गोळी देऊन वाट बघत बसणं धोक्याचं आहे.

झोप आणणारी सर्दीची जुनी औषधं घरात पडलेली असतात. ती यासाठी वापरू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं ४ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिली आहे.

नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे डॉक्टरांनी सांगितला असेल तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. निघायच्या दिवशी सकाळी सुरू करून फायदा नाही, आठवडाभर आधी सुरुवात हवी.

दम्याच्या मुलांत सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे रोजचा पंप. सुट्टीत नेमका तोच बॅगेत राहून जातो किंवा "चार दिवस नाही घेतला तर काय होतं" म्हणून वगळला जातो. काही घरांत तर पाहुण्यांसमोर पंप काढायची लाज वाटते, लोक काय म्हणतील, उद्या मुलीच्या लग्नात अडचण येईल! पंपाची सवय लागत नाही. त्याचं औषध अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं. चष्मा लावतो तितक्याच सहजपणे तो सगळ्यांसमोर घ्यायला हवा.

सोबतच्या पिशवीत इतकं असू द्या: लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप, स्पेसर आणि लहान मुलासाठी मास्क, रोजची औषधं, ॲलर्जीची गोळी किंवा सिरप, आणि झटका आल्यास काय करायचं याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. ही पिशवी आपल्याजवळ ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

तिथे गेल्यावर

- गालिचा, गादी, मऊ सोफा यांपेक्षा लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा. खिडक्या उघडायला सांगा.
- प्राण्याला हात लावलाच तर लगेच साबणाने हात धुवायचे. तोपर्यंत डोळ्यांना हात नाही.
- मुक्काम टाळताच येत नसेल तर प्राणी कधीच जात नाही अशी खोली मागा. स्वतःची चादर, उशी आणि पांघरूण घेऊन जा. कपाटातून काढलेली जुनी गोधडी नको, तिच्यात धुळीचे किडे वेगळेच.
- घरी परतल्यावर मुलाचे कपडे थेट धुवायला टाका, अंघोळ घाला, केस धुवा. ते कपडे अंगावर ठेवून पलंगावर झोपू देऊ नका.
- कुत्रा ज्या गाडीत नेहमी फिरतो त्या गाडीतून मुलाला नेऊ नका. बंद काचांची छोटी गाडी घरापेक्षा वाईट.

मामाच्या गावी गोष्ट थोडी वेगळी असते. मांजर दिवसभर बाहेर हिंडतं, घर मोकळं आणि हवेशीर असतं, त्यामुळे त्रास कधी कमीही होतो. पण गोठ्यातल्या गाई-म्हशींचा कोंडा, कडब्याची धूळ आणि चुलीचा धूर यांची भर पडते. शिवाय जवळचा दवाखाना किती लांब आहे हे आधी विचारून ठेवायला हवं.

ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांच्यासाठी

हा भाग तुमच्यासाठी. कोणी फोन करून मुलाची ॲलर्जी सांगितली तर कृपया "काही होत नाही, या तुम्ही" असं म्हणू नका. ते तुमच्या कुत्र्याला नावं ठेवत नाहीत, तुमच्यावर विश्वास टाकत आहेत.

दोन चुका अगदी चांगल्या मनाने होतात. पहिली, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी घर झाडून काढणं. केरसुणीने बसलेले कण पुन्हा हवेत उडतात. झाडायचं तर आदल्या दिवशी, आणि त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. दुसरी, प्राण्याचा वास येऊ नये म्हणून धूप, अगरबत्ती किंवा सुगंधी स्प्रे मारणं. दम्याच्या मुलाला तो धूर आणि तो वास वेगळाच त्रास देतो. वास येऊ द्या, धूर नको.

"कालच अंघोळ घातली आहे" याने थोडा फरक पडतो, पण काही दिवसांपुरताच. सोफ्यातलं आणि गादीतलं प्रथिन तसंच राहतं. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी मदत म्हणजे गच्चीवर किंवा अंगणात चार खुर्च्या टाकणं. आणि मूल लवकर निघालं तर "इतक्यात कुठे निघालात" असा आग्रह न करणं.

आणि मुलाला काय वाटतं?

हा सगळा विचार करताना मुलाचं मन विसरलं जातं. बऱ्याच ॲलर्जीच्या मुलांना प्राणी मनापासून आवडतात. सगळी भावंडं पिल्लाशी खेळत असताना "तू लांब हो" हे ऐकणं सोपं नाही. त्यातून काही मुलं त्रास लपवायला शिकतात. खोकला दाबतात, कारण सांगितलं की घरी जावं लागेल. हे लपवणं धोक्याचं आहे, आणि ते मुलं आपल्याकडूनच शिकतात. आई-बाबा पाहुण्यांसमोर ॲलर्जीचं नाव काढायला लाजत असतील, तर मूल तरी का सांगेल?

म्हणून मुलासमोरच मोकळेपणाने बोला. चार-पाच वर्षांच्या मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: "मला मांजर आवडतं, पण त्याने मला खोकला येतो." आठ-दहा वर्षांच्या मुलाला छातीत आवळल्यासारखं वाटलं की लगेच सांगायचं आणि पंप स्वतः मागायचा हे शिकवा. त्याने सांगितलं की चिडचिड न करता उठायचं, ही आपली बाजू. "आत्ताच तर आलोय, जरा थांब" हे वाक्य एकदा ऐकलं की पुढच्या वेळी मूल सांगायला कचरेल. आणि प्राण्यांना दोष देऊ नका. "घाणेरडं मांजर" म्हणण्याने ॲलर्जी कमी होत नाही, मुलाच्या मनात मात्र राग उरतो. लांबून पाहणं, मोकळ्या मैदानावर दुरून चेंडू फेकणं, फोटो काढणं अशा गोष्टींतून त्याची हौस थोडी तरी भागू शकते.

या लक्षणांत वाट पाहू नका

श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा आत ओढली जाणं, धापेमुळे एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, ओठ निळसर पडणं, मूल खूप गळून जाणं किंवा गुंगीत जाणं, पंप घेऊनही आराम न पडणं किंवा चार तासांच्या आत पुन्हा पंप लागणं. यातलं काहीही दिसलं तर मुलाला त्या घरातून बाहेर मोकळ्या हवेत आणा, सरळ बसवा, आडवं झोपवू नका. लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे पंप स्पेसरमधून द्या. एका वेळी एक पफ, मग पाच-सहा शांत श्वास, मग पुढचा. आणि त्याच वेळी दवाखान्याकडे निघा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. पाय वाफेच्या पाण्यात बुडवणं, छातीला बाम चोळणं यात वेळ घालवू नका.

शेवटी

आपल्याकडे पाहुण्याने यजमानाला त्रास द्यायचा नाही, हा संस्कार खोलवर रुजलेला आहे. चांगला संस्कार आहे. पण रात्री अकरा वाजता यजमानांची गाडी काढायला लावून मुलाला इस्पितळात नेणं, हा त्यांना दिलेला केवढा मोठा त्रास आहे याचाही विचार करा. आपल्या घरात पोराला धाप लागली ही बोच त्या माणसांच्या मनातून लवकर जात नाही. आधीचा दोन मिनिटांचा फोन त्यांनाही यातून वाचवतो.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतातच. मुलाच्या श्वासाच्या बाबतीत ती आपण घरातूनच निरोप देऊन काढून टाकू या. सांगायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर हा लेख कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. आमच्या नावावर एवढा वाईटपणा आम्ही आनंदाने घेऊ.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाची औषधं, मात्रा आणि प्रवासाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.)